चुलीवरचा स्वयंपाक गॅसच्या ओट्यावर: जाळ, निखारा आणि फुफाटा यांचा क्रम कसा सांभाळावा

बाजारातून मातीचे भांडे आणले, मोठ्या आचेवर त्यात आमटी उकळली, शेवटी एका वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर तूप सोडले, झाकण लावले, आणि एवढे करूनही चव काही चुलीवरची आली नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेकांच्या हातून चूक एकाच जागी होते. चुलीची चव धुरात आहे असे ते धरून चालतात. वास्तविक धुराचा वाटा लहान असतो. मोठा वाटा उष्णतेच्या क्रमाचा असतो. चूल पेटवली की आधी जाळ मिळतो, लाकूड जळून गेले की निखारे उरतात, आणि निखारे विझत आले की फुफाटा, म्हणजे गरम राख, कितीतरी वेळ ऊब देत राहते. कोणता पदार्थ यांतल्या कोणत्या टप्प्यावर ठेवायचा, हे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला वेगळे शिकावे लागत नसे, कारण चूल स्वतःच तो क्रम ठरवत असे. गॅसवर आच नेहमी एकसारखी मिळते, म्हणून हा क्रम आपल्याला मुद्दाम आणावा लागतो.

पुढील टप्पे दोन शेगड्यांचा गॅस आणि शक्य असल्यास एक लहान ओव्हन गृहीत धरून लिहिले आहेत. उदाहरणादाखल एक साधे जेवण घेतले आहे: तुरीच्या डाळीची आमटी, वांग्याचे भरीत, पिठले, ज्वारीची भाकरी आणि शेवटी भाजलेली रताळी. चुलीच्या तिन्ही आचा या एका जेवणात वापरल्या जातात.

टप्पा १: कोणत्या आचेच्या जागी काय वापरायचे ते ठरवणे

स्वयंपाकाला लागण्यापूर्वी स्वयंपाकघरात काय उपलब्ध आहे ते पाहावे आणि तिन्ही आचांना पर्याय नेमून टाकावेत.

जाळासाठी मोठी शेगडी पूर्ण उघडून वापरावी. आधण आणणे, फोडणी करणे आणि उकळी आणणे एवढीच तिची कामे आहेत. सगळा स्वयंपाक तिच्यावर उरकण्याचा मोह टाळावा.

वैलासाठी, म्हणजे चुलीला जोडलेल्या दुसऱ्या तोंडासाठी, लहान शेगडी अगदी मंद ठेवावी. चुलीच्या मागच्या किंवा बाजूच्या वैलाला पुढच्या जाळाची उरलेली आच मिळते, त्यामुळे तिथे पदार्थ रटरटत नाही, संथपणे कढत राहतो. लहान शेगडीवर जुना लोखंडी तवा उपडा न घालता सरळ ठेवावा आणि त्यावर भांडे ठेवावे, म्हणजे ज्योत एकाच बिंदूवर लागत नाही.

निखाऱ्यासाठी पर्याय शोधणे सर्वांत कठीण आहे. पेटता निखारा आपली उष्णता मुख्यतः किरणांनी देतो, म्हणून त्याच्यासमोर उभी केलेली भाकरी ज्योत न लागताही फुगते. गॅसच्या निळ्या ज्योतीत अशी किरणांची उष्णता फार कमी असते. ती गरम वायूने भाजते आणि त्या वायूत पाण्याची वाफही असते. ज्योतीवर लोखंडी जाळी ठेवून ती लाल होऊ दिली, तर जाळी निखाऱ्याचे काम काही प्रमाणात करते. ओव्हनमधील वरची तापणारी कांब, म्हणजे ग्रिल, हे काम अधिक चांगले करते.

फुफाट्यासाठी १२० ते १५० अंश सेल्सिअसवरचा ओव्हन, किंवा जाड झाकणाचे बिडाचे भांडे मंद आचेवर, किंवा गोधडीत गुंडाळलेले उकळते पातेले वापरता येते. तिसऱ्या पर्यायाचा विचार आठव्या टप्प्यात केला आहे.

'आगीतून फुफाट्यात' ही म्हण आपण संकट वाढल्याच्या अर्थाने वापरतो. स्वयंपाकात मात्र तोच क्रम बरोबर असतो.

पडताळणी: इंडक्शन शेगडीला चुंबक धरणारा तळ लागतो. मातीचे, तांब्याचे, पितळेचे आणि साधे अ‍ॅल्युमिनियमचे भांडे तिच्यावर तापत नाही. घरात फक्त इंडक्शन असेल तर मातीच्या भांड्याचा नाद सोडावा आणि बिडाचे किंवा लोखंडाचे भांडे वापरावे. या लेखातील क्रम त्यातही पाळता येतो.

टप्पा २: भांडी निवडणे आणि पहिल्या वापरासाठी तयार करणे

हा टप्पा आदल्या दिवशी, खरे तर दोन दिवस आधी, पूर्ण करावा. बहुतेक भांडी पहिल्याच दिवशी फुटतात, कारण ती आणल्याबरोबर चढवली जातात.

मातीचे भांडे घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द आवाज आला तर भांड्यात तडा असतो किंवा ते कच्चे भाजलेले असते. आतून चकचकीत लेप असलेले भांडे विक्रेत्याने अन्नासाठी सुरक्षित असल्याची खात्री दिल्याशिवाय घेऊ नये, कारण काही लेपांत शिसे असते आणि चिंच-कोकमासारख्या आंबट पदार्थात ते उतरते. शोभेची रंगवलेली मडकी तर स्वयंपाकासाठी नसतातच.

घरी आणल्यावर भांडे साध्या पाण्याने धुवावे, साबण लावू नये. माती साबण शोषून घेते आणि पुढच्या चार आमट्यांना त्याचा वास येतो. नंतर भांडे पूर्ण बुडेल अशा पाण्यात रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते सावलीत निथळू द्यावे, तीन चतुर्थांश पाण्याने भरावे, त्यात दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ कालवावे आणि अगदी मंद आचेवर अर्धा तास उकळू द्यावे. तांदळाच्या या पेजेतील पिष्ट मातीच्या छिद्रांत बसते आणि भांडे पाझरणे कमी होते. पेज भांड्यातच थंड होऊ द्यावी आणि मग ओतून टाकावी. भांडे बाहेरून किंचित दमट होत असेल तर ठीक आहे. थेंब गळत असतील तर पेजेची कृती पुन्हा करावी, आणि तरीही गळत असेल तर ते भांडे परत करावे.

लोखंडी तवा आणि कढई एकदाच साबणाने घासून, शेगडीवर ठेवून पूर्ण कोरडी करावीत. नंतर त्यांना तेलाचे बोट लावून ते फडक्याने असे पुसावे की तेल लावलेच नाही असे वाटावे, आणि धूर निघेपर्यंत तापवावे. हे तीन-चार वेळा करावे. तेल जास्त राहिले की तवा चिकट होतो. नव्या तव्याबद्दलच्या तक्रारींमागे बहुधा हेच कारण असते.

पितळेचे पातेले आमटीसाठी वापरायचे असेल तर कल्हई शाबूत हवी. कल्हई म्हणजे कथिलाचा थर, आणि कथिल सुमारे २३२ अंशांवर वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे असताना जाळावर कधीही तापवू नये. नॉनस्टिक तव्याचा लेपही फार तापला की खराब होतो, त्यामुळे तो या स्वयंपाकातून वगळावा.

सावधान: तापलेल्या मातीच्या भांड्यात गार पाणी ओतू नये आणि ते ओल्या ओट्यावर उतरवू नये. उकळत्या आमटीत नळाचे पाणी घालून एक चांगले भांडे मी स्वतः तळातून उभे चिरलेले पाहिले आहे. अर्धी आमटी गॅसच्या आत गेली आणि दुपार शेगडी साफ करण्यात गेली. आमटीत घालायचे पाणी नेहमी दुसऱ्या शेगडीवर गरम ठेवावे. जुन्या घरांत वैलावर पाण्याचे तपेले सतत असायचे, त्यामागे हेही एक कारण होते. भांडे उतरवण्यासाठी चुंबळ किंवा लाकडी पाट आधी मांडून ठेवावा.

टप्पा ३: वेळेचा क्रम लावणे

सर्व पदार्थ एकाच वेळी तयार व्हावेत या हट्टापायी आचांचा क्रम मोडतो. ज्याला जास्त वेळ मंद आच लागते ते आधी चढवावे आणि जे तव्यावरून थेट ताटात गेले पाहिजे ते शेवटी करावे, हा साधा नियम आहे.

जेवणाच्या दोन तास आधी डाळ धुऊन भिजत घालावी. दीड तास आधी डाळ जाळावर उकळी आणून वैलावर सरकवावी. त्याच वेळी ओव्हन असल्यास त्यात रताळी ठेवावीत. मोठी शेगडी मोकळी झाली की वांगी भाजावीत, नंतर कांदा-खोबरे भाजावे, मग वाटण आणि आमटीची फोडणी करावी. जेवायला अर्धा तास उरला असताना पिठले करावे आणि अगदी शेवटी भाकरीचा तवा चढवावा. पुढच्या टप्प्यांत भाकरी पिठल्याच्या आधी आली आहे, ती केवळ तिला अधिक जागा लागते म्हणून.

टप्पा ४: वैलावरची डाळ

एक वाटी तुरीच्या डाळीला साडेतीन ते चार वाट्या पाणी लागते. पाण्याचे आधण आधी स्टीलच्या पातेल्यात मोठ्या शेगडीवर आणावे. मातीचे भांडे लहान शेगडीवर तव्याच्या आधाराने, तळाला थोडे कोमट पाणी घालून, आठ-दहा मिनिटे मंद तापू द्यावे, आणि ते हाताला चांगले गरम लागले की त्यात भिजलेली डाळ आणि आधणाचे पाणी घालावे. हळद आणि चमचाभर तेल याच वेळी घालावे. तेलाने फेस उतू जात नाही.

झाकण थोडे तिरके ठेवावे. पहिल्या दहा मिनिटांत वर येणारा फेस काढून टाकावा. नंतर आच इतकी कमी करावी की दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा फुटावा. डाळ साधारण ४५ मिनिटे ते एक तासात शिजते. जुनी डाळ किंवा बोअरचे जड पाणी असेल तर अधिक वेळ लागतो, कारण पाण्यातील कॅल्शियम डाळीचे दाणे मऊ होऊ देत नाही.

नेहमीची चूक म्हणजे चिंच, कोकम किंवा टोमॅटो आधीच घालणे. आंबटपणामुळे डाळीच्या पेशींच्या भिंती टणक राहतात आणि मग तास-दीड तासानेही डाळ बोटांत कचकचते. डाळ पूर्ण शिजून पळीने सहज घोटली गेल्यावरच आंबट घालावे.

पडताळणी: दोन दाणे चिमटीत दाबले असता ते पिठासारखे पसरले पाहिजेत. मध्ये पांढरा ठिपका दिसत असेल तर डाळ अजून कच्ची आहे. प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते हे खरे, पण मंद कढल्याने पाणी आणि डाळ एकजीव होतात तसे कुकरमध्ये होत नाही. वेळ नसेल तर डाळ कुकरमध्ये शिजवून निदान शेवटची २० मिनिटे मातीच्या भांड्यात कढवावी.

टप्पा ५: वांगी, कांदा आणि खोबरे भाजणे

खानदेशात भरिताची मोठी हिरवी वांगी तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या भडकत्या जाळावर भाजतात. वाळलेल्या काड्या झरझर पेटतात, साल करपते, आणि जाळ ओसरला की उरलेल्या आरावर आतला गर शिजतो. म्हणजे एकाच वांग्याला आधी जाळ आणि मग निखारा मिळतो. घरी बहुतेक जण वांगे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्या ज्योतीवर धरतात. साल कोळसा होते आणि देठाजवळचा गर कच्चा राहतो.

अर्ध्या ते पाऊण किलोचे, बिया कमी असलेले, हाताला हलके लागणारे वांगे घ्यावे. सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी टोचावे, नाहीतर आतल्या वाफेने ते फुटते. तेल लावू नये आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळू नये, कारण गुंडाळलेले वांगे भाजत नाही, उकडते. जाळी ठेवून मोठ्या आचेवर चारही बाजू दोन-दोन मिनिटे करपू द्याव्यात. नंतर आच मध्यमपेक्षा कमी करून, दर तीन-चार मिनिटांनी फिरवत, आणखी १० ते १२ मिनिटे भाजावे. देठाजवळचा भाग उभा करून वेगळा भाजावा. ओव्हनमध्ये करायचे असल्यास सालीचा जाळ आधी शेगडीवर द्यावा आणि पुढची भाजणी २२० अंशांवर २० ते २५ मिनिटे करावी.

पडताळणी: देठाच्या मुळाशी सुरी अडथळ्याविना आत गेली आणि वांगे चिमट्यात लोंबकळू लागले म्हणजे ते झाले.

भाजलेले वांगे पातेल्यात झाकून दहा मिनिटे ठेवावे. त्या वाफेत साल सैल होते. नळाखाली धरून सोलू नये. तसे केल्यास जी चव मिळवण्यासाठी एवढा खटाटोप केला ती पाण्याबरोबर वाहून जाते. ओल्या हाताने साल ओढावी. गराला लागून राहिलेला सालीचा एखादा काळा कण खुशाल राहू द्यावा. खानदेशी पद्धतीच्या भरितात हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून ठेचतात, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालतात. सोबतीला कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी असेल तर उत्तम, नसेल तर ज्वारीची.

आमटीच्या वाटणासाठी कांदा सालीसकट जाळीवर मंद आचेवर १५ ते २० मिनिटे फिरवत भाजावा, म्हणजे बाहेरचे दोन थर करपतात आणि आतला कांदा गोड होतो. चिरून तेलावर परतलेल्या कांद्याला ही चव येत नाही. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून ज्योतीपासून थोडी वर फिरवावी.

सावधान: खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि ते चटकन पेट घेते. पेटल्यास फुंकर मारण्यापेक्षा त्यावर स्टीलचे भांडे उपडे घालावे. खोबरे तपकिरी हवे. काळे झालेले खोबरे आमटी कडू करते आणि ती चूक गूळ घालून सुधारत नाही.

टप्पा ६: भाकरी

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

पहिली गोष्ट पिठाची. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारे ग्लुटेन नसते, त्यामुळे पीठ जितके ताजे तितके चांगले. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडांना चिरते. उकळत्या पाण्याने उकड काढली की पिठातले पिष्ट फुलते आणि तेच पिठाला धरून ठेवते. कोमट पाण्याने हे होत नाही. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी उकळते पाणी मध्ये खळगा करून ओतावे, उलथन्याच्या टोकाने कालवावे आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. नंतर एका भाकरीपुरताच गोळा घेऊन, लागल्यास पाण्याचा हात लावत, तळहाताच्या टाचेने तीन-चार मिनिटे रगडून मळावा. सगळे पीठ एकदम मळून ठेवले तर शेवटच्या भाकरीपर्यंत ते सुकते.

दुसरी गोष्ट तव्याची. लोखंडी तवा मध्यम आचेवर निदान पाच मिनिटे तापवावा. चिमूटभर पीठ टाकून पाहावे: दहा-पंधरा सेकंदांत ते बदामी झाले तर तवा तयार आहे, लगेच काळे झाले तर आच कमी करून मिनिटभर थांबावे.

परातीत किंवा काठवटीत पीठ भुरभुरून भाकरी थापावी. उचलून तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आली पाहिजे, आणि त्या बाजूवर लगेच पाण्याचा हात फिरवावा, म्हणजे कोरडे पीठ धुतले जाते. पाणी सुकत आले, पण पृष्ठभाग अजून मंद चमकतो आहे, अशा क्षणी भाकरी उलटावी. पाणी पूर्ण सुकेपर्यंत थांबले तर भाकरीला भेगा पडतात आणि मग त्या भेगांतून वाफ निसटल्यामुळे ती फुगत नाही. घाईने उलटली तर ती तव्याला चिकटते. ही दुसरी बाजू मिनिटभर, तपकिरी ठिपके येईपर्यंत, तव्यावर भाजू द्यावी.

आता निखाऱ्याचा टप्पा. चुलीवर याच वेळी भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांसमोर उभी करतात. गॅसवर ती उघड्या मोठ्या ज्योतीवर टाकली तर कडा जळतात आणि मधला भाग तसाच राहतो. जाळी आधीच दुसऱ्या शेगडीवर तापवून लाल करावी, ज्योत मध्यम करावी, आणि पहिल्यांदा तव्यावर पडलेली, कमी भाजलेली बाजू जाळीवर येईल अशी भाकरी ठेवावी. दहा-पंधरा सेकंदांत ती फुगते. मग चिमट्याने गोल फिरवून कडा भाजाव्यात. विजेची शेगडी किंवा इंडक्शन असलेल्यांनी ग्रिल पूर्ण तापवून वरच्या कप्प्यात भाकरी मिनिटभर ठेवावी. परदेशातील घरांत धुराची सूचना देणारे यंत्र स्वयंपाकघराजवळच असते. तिथे हा ग्रिलचा मार्गच सोयीचा पडतो, कारण त्यात पिठाचा धूर होत नाही.

भाकऱ्या एकावर एक रचू नयेत. वाफेने खालची भाकरी ओली होते. त्या उभ्या ठेवाव्यात किंवा टोपलीत कापडावर पसराव्यात.

टप्पा ७: पिठले आणि लोखंडाची मर्यादा

पिठले लोखंडी कढईतच करावे, कारण त्याची खरवड हाच अनेक घरांत वादाचा आणि वाटणीचा विषय असतो. अर्धी वाटी बेसन दीड ते दोन वाट्या पाण्यात गुठळी न राहता कालवावे. मोहरी, जिरे, लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी जाळावर करावी, कांदा परतावा, आणि कालवलेले बेसन घालताच आच कमी करून सतत ढवळावे. घट्ट होऊन बाजू सुटू लागल्यावर ढवळणे थांबवावे, झाकण ठेवावे आणि अगदी मंद आचेवर सात-आठ मिनिटे सोडून द्यावे. खरवड या न ढवळण्यातूनच मिळते.

सावधान: लोखंडी कढईत आंबट आमटी, सोलकढी किंवा कढी ठेवू नये; पदार्थ काळपट होतो आणि त्याला धातूची चव येते. पिठलेही जेवणानंतर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावे.

टप्पा ८: फुफाट्याची ऊब

रताळी धुऊन, पुसून, न सोलता २०० अंशांवरील ओव्हनमध्ये ४५ ते ६० मिनिटे ठेवावीत. ही आच फुफाट्याहून जास्त आहे हे खरे, पण राख रताळ्याला चारही बाजूंनी चिकटून ऊब देते आणि ओव्हनमधली हवा ते काम तितक्या नेटाने करत नाही. सालीतून गोड चिकट रस बाहेर आला की ती झाली.

वरून आच हवी असणारे पदार्थ वेगळ्या वर्गात मोडतात. कोकणातले धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, खाली आणि झाकणावरही निखारे ठेवून भाजतात. गोव्यातल्या बेबिंकेचे थर तर एकेक करून वरच्या निखाऱ्यांवरच भाजले जातात. अमेरिकेत पश्चिमेकडे वस्ती करायला गेलेल्या लोकांचे तीन पायांचे, काठाच्या झाकणाचे बिडाचे भांडे याच तत्त्वावर चाले: झाकणाचा उंच काठ वरचे निखारे खाली घसरू देत नसे. घरच्या ओव्हनमध्ये धोंडसासाठी खालची-वरची दोन्ही आच १६० अंशांवर ठेवावी, आणि बेबिंकेसाठी पहिला थर बसल्यावर फक्त ग्रिल वापरावे. खालची आच चालू ठेवली तर तळाचा थर चामड्यासारखा होतो.

ओव्हन नसेल तर गोधडीची पेटी करावी. जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या पातेल्यात डाळ किंवा भिजवलेली कडधान्ये १५ मिनिटे खळखळ उकळावीत, शेगडी बंद करावी, पातेले मिनिटभर लाकडी पाटावर ठेवावे आणि मग झाकणासकट जाड गोधडीत सर्व बाजूंनी गुंडाळून खोक्यात दीड-दोन तास ठेवावे. पातेले निदान दोन तृतीयांश भरलेले असावे. थोडा पदार्थ लवकर निवतो.

सावधान: पेटी उघडल्यावर पदार्थ ६० अंशांहून गरम असला पाहिजे, आणि खाण्यापूर्वी तो पुन्हा उकळावा. कोमट पदार्थ तासन्‌तास ठेवल्यास त्यात जंतू वाढतात. राजमा या पद्धतीने करायचा असेल तर रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात आधी निदान अर्धा तास खळखळ उकळावा. कच्च्या राजम्यातील विषारी घटक मंद उबेने नष्ट होत नाही.

टप्पा ९: धुरी, तीही हवी असेल तरच

वरचे सर्व टप्पे नीट झाले असतील तर धुरीची गरज क्वचितच पडते, असे माझे मत आहे. भरिताला ती लागत नाही. आमटीला द्यायची असल्यास लाकडी किंवा करवंटीचा कोळसा घ्यावा, चिकटवून बनवलेल्या कोळशाच्या विटा घेऊ नयेत. सुपारीएवढा एक तुकडा जाळीवर सर्व बाजूंनी लाल होऊन त्यावर राखेचा पातळ थर येईपर्यंत तापवावा. काळा राहिलेला कोळसा कडवट धूर देतो. स्टीलची वाटी किंवा कांद्याची पाकळी आमटीवर तरंगत ठेवून त्यात कोळसा ठेवावा, अर्धा चमचा तूप सोडावे आणि लगेच झाकावे. दोन मिनिटे पुरतात. पाच मिनिटांनी आमटी राखेसारखी लागते.

सावधान: एवढ्या एका तुकड्यासाठीही खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये; जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग आणि वास नसतो, त्यामुळे धूर दिसत नाही म्हणजे हवा ठीक आहे असे समजणे जिवावर बेतते. वापरलेला कोळसा पाण्याने भरलेल्या धातूच्या भांड्यात टाकावा, कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकू नये. वरून विझलेला दिसणारा तुकडा आतून तासभरही पेटता राहू शकतो.

टप्पा १०: आवरणे

मातीचे भांडे पूर्ण थंड झाल्यावरच धुवावे. गरम पाणी, नारळाची शेंडी आणि थोडे बेसन किंवा राख पुरेशी असते. तळाला चिकटले असेल तर त्यात पाणी घालून मंद आचेवर दहा मिनिटे तापवावे, खरवडू नये. लोखंडी कढई धुतल्यावर शेगडीवर कोरडी करून तेलाचे बोट लावावे. मातीचे भांडे धुऊन उपडे न घालता, तोंड वर करून हवेशीर जागी ठेवावे. दुसऱ्या दिवशीही ते हाताला ओलसर लागत असेल तर दिवसभर उन्हात ठेवावे आणि मगच झाकण न लावता फडताळात न्यावे, नाहीतर पावसाळ्यात आतून बुरशी धरते.